राजा मानसिंह तोमर विद्यापीठाला खुले पत्र: ज्यांच्या गळ्यात गायकी आहे त्यांना वर्गात बोलवा

प्रति,
माननीय कुलगुरू आणि कार्यपरिषद व विद्यापरिषदेचे सर्व सदस्य,
राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालय, ग्वाल्हेर

तसेच,
ग्वाल्हेर सोडून पुणे, इंदूर, मुंबईकडे गेलेली आणि अजून इथेच असलेली सगळी मराठी घरे

सविनय नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते आणि घरी गाणे शिकवते. आयुष्य याच गल्ल्यांत गेले. या पत्राची हिंदी प्रत विद्यापीठाच्या कार्यालयात रीतसर देणारच आहे. तरी मूळ पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्या वह्यांबद्दल आणि टेपांबद्दल मला बोलायचे आहे, त्यांतल्या पुष्कळशा मराठी घरांत पडून आहेत. विद्यापीठाने दार उघडले आणि घरांनी आपले बंदच ठेवले, तर काहीच साधणार नाही. उलटही तेवढेच खरे आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. ग्वाल्हेरची गायकी, इथली हरिकथा, इथल्या भिंती रंगवणाऱ्या चितेऱ्यांची कला आज ज्यांच्या गळ्यात आणि हातात शिल्लक आहे, त्यांना विद्यापीठाने शिक्षक म्हणून वर्गात आणावे. पदवी असो वा नसो. सत्कारासाठी शाल-श्रीफळ देऊन एक दिवस नव्हे, तर वेळापत्रकात तास देऊन, मानधन देऊन, विद्यार्थी समोर बसवून. आणि त्यांच्याजवळचा ठेवा त्यांच्या संमतीने, नीट करार करून जपावा.

आपल्या विद्यापीठाला ज्या राजाचे नाव आहे त्याने हेच केले होते. मानसिंह तोमर 1486 ते 1516 गादीवर होते. आपल्या दरबारी त्यांनी गुणीजन जमवले, त्यांच्याशी चर्चा केली आणि त्यातून ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ सिद्ध झाला. संस्कृताऐवजी इथल्या लोकांच्या बोलीतली पदे ध्रुपदात गाण्याला त्यांनी प्रतिष्ठा दिली, असे परंपरा सांगते. त्या ग्रंथाची ओळख आज आपल्याला मुख्यतः सतराव्या शतकात फकीरुल्लाह या मुघल सरदाराने केलेल्या ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथामुळे आहे. कोणीतरी बसून ते उतरवून घेतले म्हणून ते उरले. जाणत्यांना एकत्र आणणे आणि त्यांचे म्हणणे उतरवून घेणे, ही दोन्ही कामे या नावाबरोबर विद्यापीठाकडे वारशाने आली आहेत असे मी मानते.

गेली काही वर्षे ग्वाल्हेरला फार चांगली गेली. 31 ऑक्टोबर 2023 रोजी युनेस्कोने आपल्या शहराला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून निवडले. त्याच डिसेंबरात किल्ल्यावर हजाराहून अधिक तबले एका वेळी घुमले आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. 2024 मध्ये इथल्या वार्षिक तानसेन संगीत समारोहाने शंभरावे पर्व साजरे केले. हे सगळे पाहताना मला अभिमान वाटला. शहरात संगीताचे नाव निघू लागले, लहान मुलांचे आईबाप क्लासची चौकशी करू लागले, हा लाभ लहान नाही.

पण युनेस्कोच्या या जाळ्यातल्या शहरांना दर चार वर्षांनी आपल्या कामाचा अहवाल द्यावा लागतो. त्या अहवालात किती कार्यक्रम झाले ते लिहिता येईल. किती चिजा म्हणजे बंदिशी नाहीशा होण्यापासून वाचल्या, टप्प्यासारखा अवघड गानप्रकार किती जणांना गाता येतो, किती घरांतल्या टेपा खराब होण्याआधी उतरवल्या गेल्या, हे तिथे लिहायचे असेल तर ते काम समारोहाच्या मांडवात होत नाही. ते वर्गात होते आणि ग्रंथालयात होते, म्हणजे विद्यापीठात होते.

आता गायकीबद्दल सविस्तर लिहिते, कारण नेमके काय हातातून जाते आहे ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ही मागणी हवेत राहील.

ग्वाल्हेर हे ख्यालगायनाचे मूळपीठ, हे सगळ्यांना पाठ आहे. नत्थन पीरबक्ष, मग त्यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ. त्यांच्याकडून ही विद्या वासुदेवबुवा जोशींकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि बुवांनी ती महाराष्ट्रात नेली. मिरजेत त्यांच्यापाशी शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. म्हणजे पंजाबपासून कृष्णाकाठापर्यंत जे गायले गेले त्याचा उगम इथे, आपल्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर होता. इकडे ग्वाल्हेरात निसार हुसेन खाँसाहेब दरबार सुटल्यावर शंकरराव पंडितांच्या घरीच राहिले. एका मुसलमान उस्तादाने एका मराठी ब्राह्मणाच्या घरात राहून आपली विद्या हातचे न राखता दिली. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडितांनी 1914 मध्ये वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1918 मध्ये, माधवराव महाराज शिंद्यांच्या आश्रयाने आणि संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. त्यासाठी इथल्या गायकांना मुंबईला पाठवून नव्या पद्धतीने शिकवण्याची तालीम दिली गेली होती. त्यांत राजाभैया पूछवाले होते.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी संस्था काढताना भातखंडे आणि महाराज यांनी गावातल्या गाणाऱ्यांना बाजूला सारून बाहेरून पदवीधर आणले नाहीत. जे गात होते त्यांनाच शिक्षक केले, आणि त्यासाठी लागणारी तयारी त्यांना करून दिली. त्या वेळी घेतलेला निर्णय आजही घेता येतो.

ग्वाल्हेरची गायकी अष्टांगाची म्हणतात. अस्ताई आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचा पहिला आणि दुसरा भाग, दोन्ही आधी पूर्ण, स्वच्छ मांडायचे. मग बहलावा म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, बोलआलाप, बोलतान, तान, मींड, गमक, लयकारी, सगळे बंदिशीच्या अंगाने आणि तालाच्या बोटाला धरून. लय मध्य. तिलवाडा, झुमरा, आडाचौताल हे नेहमीचे ताल. राग ओळखीचे: अल्हैया बिलावल, यमन, भैरव, सारंग, हमीर, कामोद, गौड मल्हार. ऐकणाऱ्याला चकवायचे नाही, त्याला बरोबर घेऊन जायचे, असा या गाण्याचा स्वभाव आहे.

आज विद्यार्थी अतिविलंबित एकतालात आलाप भरतो, अंतरा कसाबसा स्पर्शून जातो आणि तानांकडे धावतो. यात त्याचा दोष नाही. मोबाइलवर तो जे ऐकतो तेच गातो. देशभरात बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षेचा वेळच एवढा तोकडा असतो की बहलावा धीराने मांडायला सवडच नसते. ‘तिलवाड्यात एक ख्याल म्हणून दाखव’ असे मी बाहेरून पदवी घेऊन आलेल्या मुलांना सांगते तेव्हा चांगल्या गळ्याची मुलेसुद्धा अडखळतात. ठेका ठाऊक असतो, मात्रा मोजता येतात, पण त्या ठेक्यात बंदिश कशी नांदते ते कोणी दाखवलेले नसते. ते समोर बसूनच कळते.

ख्याल तरी देशात इतरत्र जिवंत आहे. मला खरी काळजी त्याच्या भावंडांची आहे. टप्पा, टपख्याल, ख्यालनुमा, त्रिवट, चतरंग, आणि जयदेवांच्या गीतगोविंदातल्या अष्टपद्या, हे प्रकार ग्वाल्हेरच्या गायकांनी मैफलीचा भाग म्हणून सांभाळले. टप्प्याचे शब्द पंजाबी, त्याची तान वळसे घेत, जमजमा टाकत सरळ समेवर येऊन पडणारी, आणि गळा तयार नसेल तर दोन ओळींत उघडा पडतो. मालिनीताई राजूरकरांनी तो महाराष्ट्राला आणि देशाला प्रेमाने ऐकवला. ज्या वर्षी आपल्या शहराला युनेस्कोचा मान मिळाला त्याच 2023 मध्ये त्या गेल्या. ख्यालनुमा तर नवीन पिढीतल्या कित्येकांनी ऐकलेलाच नाही. हे सारे प्रकार ज्यांना येतात ती माणसे ग्वाल्हेरात अजून आहेत. कोणी सत्तरीत, कोणी ऐंशीच्या पुढे. त्यांतले काही निवृत्त शिक्षक, काही बँकेत नोकरी करून उरलेल्या वेळात गाणारे, काही केवळ वडिलांकडून शिकले म्हणून घरी गाणारे. त्यांची नावे मी इथे घेत नाही, ती त्यांना विचारून घ्यावीत. यादी करायला विद्यापीठाला एक पावसाळा पुरेल.

यावर नेहमीचे उत्तर येते की नियमात बसत नाही. नेट नाही, पीएचडी नाही, मग नेमणूक कशी करणार?

नियमात बसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ज्यांचा आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षांचा भरीव अनुभव आहे त्यांना औपचारिक पदवीची अट न लावता नेमता येते, आणि अशा नेमणुका मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत करता येतात. त्यानंतर 2023 मध्ये आयोगाने स्थानिक कलाकार आणि कारागिरांना ‘कलागुरू’ म्हणून उच्च शिक्षण संस्थांशी जोडण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे दिली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून घेण्याबद्दल स्पष्ट लिहिले आहे. केंद्राच्या कागदावर हा रस्ता आज मोकळा आहे, आणि संगीत आणि कलेसाठीच उभारलेल्या विद्यापीठाने त्यावर सगळ्यांच्या पुढे चालावे अशी माझी अपेक्षा आहे. आपण याची सुरुवात केली असेल तर ती शहराला कळू द्या. कोणाला बोलावले, ते काय शिकवतात, बाहेरच्या माणसाला येऊन बसता येते का, हे सांगा. आम्ही आमची मुले घेऊन येऊ.

नेमणूक कशी असावी याबद्दलही थोडे लिहिते. ‘कार्यशाळा’ हा प्रकार मला पुरेसा वाटत नाही. तीन दिवस येऊन पाच बंदिशी सांगून गेले, फोटो निघाले, प्रमाणपत्रे वाटली, आणि त्या पाच बंदिशी विद्यार्थ्यांच्या वहीत राहिल्या. गळ्यात उतरायला त्याच माणसासमोर पुन्हा पुन्हा बसावे लागते. तो चुकीवर थांबवतो, पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा पकडतो. म्हणून निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, आठवड्यातून ठरलेले तास, वर्गात मोजके विद्यार्थी, असे असावे. शिकलेल्याला गुण मिळावेत. गुण मिळाले नाहीत तर नोकरीच्या धास्तीने धावणारा विद्यार्थी तिकडे फिरकणार नाही, हे वास्तव मी नाकारत नाही. आणि ज्येष्ठांना ये-जा करणे जमत नसेल तर विद्यार्थ्यांना त्यांच्या घरी पाठवा. लष्करातल्या, मुरारमधल्या, ग्वाल्हेर गावातल्या एखाद्या घराच्या बैठकीची खोली आठवड्यातून दोनदा विद्यापीठाचा वर्ग होऊ शकते. तालीम पूर्वी तशीच होत असे.

एक आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कोण अस्सल आणि कोण नाही हे ठरवायचे कोणी? ग्वाल्हेरातसुद्धा परंपरेच्या शाखा आहेत. एकीकडे बंदिशीचा जो पाठ बरोबर तो दुसरीकडे बिघडलेला मानतात. एकाच यमनाच्या चिजेचे शब्द दोन घरांत दोन तऱ्हेने आहेत. निवड समितीत एका शाखेची माणसे बसली की दुसरी शाखा रुसणार. यावर मला एकच उपाय दिसतो: निवाडा करू नये. दोन्ही पाठ उतरवून घ्यावेत, दोन्ही शिकवावेत, कोणता पाठ कोणाकडून आला ते लिहावे. विद्यार्थ्याला दोन्ही माहीत झाले तर तो अधिक समृद्ध होईल. भातखंड्यांनी आपल्या क्रमिक पुस्तकांसाठी गावोगावच्या, घराघरांतल्या चिजा गोळा केल्या तेव्हाही मतभेद होतेच. त्यांनी गोळा करणे थांबवले नाही.

आता वह्यांबद्दल.

माझ्या गुरुजींची वह्यांची थप्पी माझ्याकडे आहे. बंदिशी भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीत, काही जुन्या पानांवर पलुस्कर पद्धतीच्या खुणा, आणि समासात बारीक अक्षरात मराठी टीपा. ‘इथे घाई नको.’ ‘मुखडा पाचव्या मात्रेवरून, आधी नाही.’ एके ठिकाणी एका तानेखाली फक्त ‘अण्णांची’ एवढेच लिहिले आहे. हे अण्णा कोण, ते आता सांगणारे कोणी नाही. अशा वह्या ग्वाल्हेरात आणि ग्वाल्हेरातून उठून गेलेल्या कितीतरी मराठी घरांत आहेत. स्वरलिपीतला कोमल स्वर, वरचा-खालचा टिंब, मात्रांची चंद्रकोर हे आजचा विद्यार्थी वाचतो. पलुस्करांच्या खुणा वाचणारे मात्र फार कमी उरले आहेत, आणि समासातली मराठी वाचायला मराठी यावे लागते, तेही जुन्या वळणाचे. म्हणून माझी सूचना आहे की विद्यापीठाने संशोधनाच्या अभ्यासक्रमात जुन्या स्वरलिप्या वाचण्याचे शिक्षण ठेवावे, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अशा एकेका वहीचे संपादन विषय म्हणून घेऊ द्यावे. घराण्यांचा इतिहास पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्या प्रबंधांपेक्षा एका वहीचे नीट संपादन जास्त उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

टेपांची गोष्ट वह्यांपेक्षा तातडीची आहे. घरगुती मैफलींची स्पूल टेप आणि कॅसेटी पुष्कळांकडे आहेत. ग्वाल्हेरचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो, त्यामागून पावसाळ्याची दमट हवा. चुंबकीय टेपवरचा थर यात सुटतो, चिकट होतो, बुरशी धरतो. बुरशी आलेली टेप उत्साहाने मशीनवर लावली तर शेवटची संधीही जाते. तिला आधी स्वच्छ करावे लागते, ते जाणकाराचेच काम आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने डिजिटल प्रतीसाठी किमान 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिटचे मान सुचवले आहे, आणि वारसा जपणाऱ्या संस्थांत 96 किलोहर्ट्झ रूढ आहे. त्यासाठी एक चांगले चालते टेप मशीन, एक कॅसेट डेक, एक कन्व्हर्टर, वातानुकूलित खोली आणि दोन शिकवलेली माणसे लागतात. चालत्या स्थितीतली मशीनेच आता मिळेनाशी होत आहेत. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात हा खर्च मोठा नाही. उशीर झाला तर मात्र कितीही खर्च करून ते परत मिळणार नाही.

लोक टेपा देत नाहीत त्यालाही कारण आहे. दिलेली वस्तू परत येत नाही, किंवा आपल्या आजोबांचा आवाज कोणीतरी यूट्यूबवर टाकून जाहिरातीचे पैसे घेतो, ही भीती खोटी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे आणि तो 50 वर्षे राहतो. तेव्हा विद्यापीठाने एका पानाचा, साध्या भाषेतला, हिंदी आणि मराठी दोन्हींत छापलेला करारनामा तयार ठेवावा. मूळ वस्तू ठरलेल्या मुदतीत परत. एक डिजिटल प्रत घराला. विद्यार्थी आणि अभ्यासकांना ग्रंथालयात मोफत ऐकण्याची मुभा. व्यापारी वापर घराच्या लेखी संमतीशिवाय नाही. प्रत्येक नोंदीवर गाणाऱ्याचे, साथीदारांचे आणि देणाऱ्या घराचे नाव. साथीदारांचे नाव हमखास गाळले जाते म्हणून मुद्दाम लिहिते. तबल्यावर, सारंगीवर, हार्मोनियमवर कोण होते ते आज कोणाला तरी आठवते, दहा वर्षांनी कोणालाच आठवणार नाही.

गायकीवर मी जास्त लिहिले, कारण तेच मला येते. पण दोन गोष्टी राहून गेल्या तर चालणार नाही.

तानसेन समारोहाच्या पहिल्या दिवशी सकाळी तानसेनांच्या समाधीपाशी सनई होते, ढोलीबुवा या इथल्या कीर्तनकारांच्या परंपरेतली हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचे पठण, होतो. भारतात इतरत्र कुठल्या मोठ्या संगीत समारोहाची सकाळ अशी उजाडते? हरिकथेत राग आहे, ताल आहे, आख्यान आहे, श्रोत्यांना धरून ठेवण्याची कला आहे. शिंदे सरकार 1810 मध्ये उज्जैनहून इथे आले, लष्कर वसले, त्यांच्यामागोमाग मराठी कीर्तनही आले आणि इथल्या मातीत मिसळून गेले. विद्यापीठात हरिकथेचा अभ्यासक्रम का असू नये? नाट्याच्या विद्यार्थ्यांना आणि गाण्याच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून शिकवता येईल असा दुसरा विषय मला सुचत नाही. आणि मीलाद पढणाऱ्यांनाही तेवढ्याच आदराने बोलवावे. ती सकाळ दोघांची मिळून आहे.

दुसरी गोष्ट चितेऱ्यांची. लग्नकार्याच्या वेळी दारावर, भिंतीवर गणपती, हत्ती, मोर, कलश रंगवणारे चितेरे ग्वाल्हेरची ओळख होते. लष्करात त्यांच्या नावाची चितेरा ओळ ही गल्ली आहे. आता लग्नाच्या दारावर छापील फ्लेक्स लागतो आणि चितेऱ्याची मुले दुसरा धंदा धरतात. ललित कला विभागाचे विद्यार्थी किल्ल्यातल्या मानमंदिर महालावरच्या निळ्या-पिवळ्या फरशांतली हंसांची, हत्तींची, केळीच्या झाडांची नक्षी वहीत उतरवतात, ते चांगलेच आहे. पण जो माणूस कुंचला धरून सरळ भिंतीवर, आराखडा न काढता हत्ती उभा करतो तो अजून याच शहरात आहे, त्याच्या हाताखाली एक सत्र काढू द्या. विद्यापीठाच्या आवारातल्या भिंती त्यालाच रंगवायला द्या, आणि त्याचा योग्य मोबदलाही. चिंध्यांपासून केलेल्या बत्तोबाईच्या बाहुल्या, 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला इथला हातविणीचा गालिचा, यांच्या कारागिरांबद्दलही हेच म्हणणे आहे. मानांकनाने नाव सुरक्षित झाले. विणणारा टिकेल असे काही त्या कागदात नाही.

आता मराठी घरांना.

आपल्यापैकी अनेकांनी वाडे विकले. मुले पुण्यात, बंगळुरात, परदेशात आहेत. सामान काढताना ट्रंका रद्दीवाल्याकडे गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत काय होते ते कोणी उघडूनही पाहिले नव्हते. कृपा करून उघडून पाहा. कागदावर ‘अस्ताई’, ‘अंतरा’, ‘सम’ असे शब्द दिसले, स्वरांची अक्षरे रांगेत दिसली तर ते रद्दीत देऊ नका. कॅसेटवर नुसती तारीख असली तरी ठेवा. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायला एक रविवार पुरतो. आणि घरात कोणी वृद्ध गाणारे असतील, तर त्यांच्याजवळ बसून विचारा: ही चीज कोणाकडून मिळाली, कधी, कुठे बसून शिकलात. त्यांचे उत्तर रेकॉर्ड करा, बोलताना मधेच ते गातील तेही असू द्या.

विद्यापीठाकडे दाखवायला चांगली उदाहरणे याच शहरात आहेत. सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचे जीवाजीगंजातले घर आज सरोदघर म्हणून उभे आहे. लोक तिथे जुनी वाद्ये पाहायला येतात. एका घराने ते केले. विद्यापीठ शहरातल्या सगळ्या घरांसाठी ते करू शकते, आणि त्यासाठी नवीन इमारत हवी असेही नाही. ग्रंथालयातली एक खोली, एक जबाबदार माणूस आणि वर सांगितलेला एक पानी करारनामा एवढ्यावर सुरुवात होते. संपूर्ण मध्य प्रदेशातली संगीत आणि कला महाविद्यालये आपल्याशी संलग्न आहेत. ग्वाल्हेरात हे बसले तर इंदूर, धार, देवास, उज्जैनच्या घरांतही जाता येईल. धारच्या देवजीबुवा परांजपेंची गादी, देवासची मैफलींची परंपरा, इंदूरची बीन आणि पखवाज, सगळ्यांचा कागद आणि आवाज कुठेतरी पडून आहे.

माझ्याकडून सुरुवात करते. गुरुजींच्या सर्व वह्या आणि माझ्याकडच्या कॅसेटी मी वर लिहिलेल्या अटींवर विद्यापीठाला प्रत करून घ्यायला देईन. समासातली मराठी वाचून दाखवायला, पलुस्कर पद्धतीची पाने समजावून सांगायला विद्यार्थ्यांनी घरी यावे, मानधनाची अपेक्षा नाही. मला येतात ते टप्पे आणि दोन ख्यालनुमे शिकायची कोणाची इच्छा असेल तर सकाळी सात ते नऊ मी रियाजाला बसलेली असते. माझ्याहून कितीतरी जास्त जाणणारे ज्येष्ठ या शहरात आहेत. त्यांच्याकडे मात्र विद्यापीठाने स्वतः जावे, कुलगुरूंनी स्वतः जावे. त्यांना अर्ज भरायला लावू नये.

नवीन सत्राचे वेळापत्रक ठरेल तेव्हा त्यात हे तास दिसावेत, आणि विद्यापरिषदेच्या पुढच्या बैठकीत ध्वनिसंग्रहाचा विषय यावा, ही विनंती. उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक संगीतशिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर